काळ्या मातीत फसलेली फोर-बाय-फोर काढायची कशी? (नागपूर आणि आसपास)

पांदणवाट | १४ जून, रात्री ९:१०

पाऊस तोंडावर आला. पुढचे तीन महिने हिंगणा, काटोल, कळमेश्वर, कुही, उमरेडकडच्या पांदण रस्त्यांवर कुणाची ना कुणाची गाडी रुतणारच. नेटवर जे व्हिडिओ आहेत ते बहुतेक वाळवंटातल्या रेतीचे नाहीतर बर्फाचे. आपल्या काळ्या मातीत त्यातलं अर्धं चालत नाही.

म्हणून प्रश्न ठरावीक ठेवतो. थार किंवा जिम्नीसारखी गाडी, साधे ए.टी. (सगळ्या वाटांवर चालणारे) टायर, इलेक्ट्रिक विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नाही. चारही चाकं रिमच्या वरपर्यंत गाळात, मागचा डिफरन्शिअल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) टेकलेला. जवळ एखादं बाभळीचं झाड, किंवा तेही नाही. काय करायचं आणि कोणत्या क्रमानं? सामान कोणतं लागतं आणि कोणतं नुसतं छतावर मिरवायला? किस्से नकोत, पद्धत सांगा.

बरड_मुरूम | १४ जून, रात्री १०:०२

आधी माती ओळखा, कारण नागपूरच्या चारही दिशांना ती एक नाही. शहर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्वेकडच्या काठावर बसलंय. पश्चिमेला काटोल-हिंगण्याकडे कापसाची काळी माती. पूर्वेला मौदा, रामटेककडे खालचा खडकच वेगळा, तिथे धानाच्या बांध्या लागतात. कन्हान आणि पेंचच्या पात्रात रेती. तिन्हीकडे गाडी फसण्याची तऱ्हा वेगळी आणि उपायही वेगळा.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती भरपूर असते. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याच त्या भेगा. ओली झाली की टायरच्या खाचांत बसते आणि निघत नाही. चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत ए.टी. टायरचं लाटणं होतं. नक्षी गेली, पकड गेली. त्यावर रेस दिली की चाक फक्त खाली जातं, पुढे नाही.

त्यामुळे पहिला नियम: गाडी पुढे सरकणं थांबलं त्या क्षणी पाय उचलायचा. चाक फिरतंय पण गाडी जागची हलत नाही, अशी पाच सेकंदं दिली की दहा मिनिटांचं खोदकाम वाढतं. डिफरन्शिअल टेकण्यापूर्वी थांबलात तर बहुतेक वेळा आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये निघता. टेकल्यावर थांबलात तर फावडं काढा.

दुसरं, उतरून लोखंडी सब्बल अंगाच्या भारानं मातीत दाबायची. वीतभर खाली टणक मुरूम लागला तर नशीब चांगलं: फक्त निसरडा थर आहे, चाकाला खाली पोचू द्यायचं. सब्बल हातभर सहज गेली तर तळ नाही असं धरा. तिथे चाक उचलून खाली भराव घालणं हाच उपाय.

चौथा_गिअर | १४ जून, रात्री १०:४०

मुरूम वीतभर खाली असेल तर टायरची हवा कमी करू नका, हेही लिहा. सगळीकडे "हवा कमी करा" हाच मंत्र ऐकू येतो. निसरड्या पातळ थरात अरुंद, टणक टायर चिखल कापून खाली मुरुमाला टेकतो. हवा कमी केली की तो रुंद होऊन वरच तरंगतो आणि घसरतो. खोल चिखलात मात्र उलटं. तिथे ३२ वरून २० पीएसआयवर या, फारच वाईट असेल तर १८. त्याखाली काळ्या मातीत जाऊ नका. चिखल बाजूनं टायर दाबतो आणि वळताना टायरची कड (बीड) रिमवरून सुटते. २०च्या खाली असताना ताशी ३० ते ४०च्या वर चालवायचं नाही, झटका देऊन वळायचं नाही.

गाळफेरी | १५ जून, सकाळी ७:२५

मूळ प्रश्नाकडे येतो. पोट टेकलेलं, चारही चाकं रिमवर. क्रमानं सांगतो, जरा लांबेल.

कुठल्या दिशेनं काढायची ते आधी ठरवा. उत्तर जवळपास नेहमी "आलात तिकडे". मागची जमीन गाडीनं एकदा पेललेली आहे, पुढची कशी आहे ते कुणालाच माहीत नाही. समोर दहा फुटांवर टणक दिसतं म्हणून पुढे ओढायचा मोह होतो, त्याच दहा फुटांत दुसऱ्यांदा बसते.

मग चाकोरीतलं पाणी काढा. उताराच्या बाजूला फावड्यानं चारी पाडली की पाच मिनिटांत पाणी निघून जातं. पाण्यात खोदणं म्हणजे खिरीत चमचा फिरवणं.

स्टिअरिंग सरळ आहे का हे बाहेरच्या माणसानं पाहून सांगायचं. खोल चाकोरीत चाकं तिरपी आहेत हे ड्रायव्हरला कळत नाही. तिरपं चाक नांगराच्या फाळासारखं माती ढकलत जातं, ओढणाऱ्याचा अर्धा जोर तिथेच जिरतो.

आता खोदकाम. बहुतेक जण चाकापुढचं खोदतात आणि पोट विसरतात. गाडी अडकलेली असते ती डिफरन्शिअल, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि इंधन टाकीखालच्या पत्र्यावर. गाडीचं वजन त्यावर गेलं की चाकांवर भारच उरत नाही, मग टायर कुठलाही लावा. म्हणून आडवं झोपून लांब दांड्याच्या फावड्यानं आधी डिफरन्शिअलभोवतीची माती बाहेर ओढा. त्यानंतर प्रत्येक चाकासमोर, म्हणजे निघायच्या दिशेला, उतरती घसरण तयार करा. टायरच्या तळापासून सुरू होऊन चार फुटांत जमिनीला मिळणारी. उभी भिंत ठेवली तर चाक चढणार नाही. टायरच्या दोन्ही बाजूंची माती सब्बलीनं सैल करा, कारण ओला चिखल टायरला चोखून धरतो. आत हवा गेली की ती पकड सुटते. बाजूनं सब्बल घालून हलवली की "पचक्" असा आवाज येतो, तो कानाला गोड लागतो.

टायरच्या खाचांतला चिखल काठीनं काढा. हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही. चारही टायर दिसतात तेवढे साफ करायला दहा मिनिटं लागतात आणि पहिल्या अर्ध्या फेरीची पकड त्यातूनच मिळते. ती अर्धी फेरीच हवी असते.

यानंतर जॅक. बॉटल जॅक चिखलावर ठेवला तर गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. खाली १८-२० मिमी जाडीची, निदान ४० बाय ४० सेंमीची प्लायवूड फळी लागते. ॲक्सलखाली जॅक लावून एकेक चाक उचला आणि खाली भराव घाला. दगड चालतात, मुरूम उत्तम. आणि विदर्भातला सगळ्यात चांगला भराव म्हणजे पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाच्या, तुरीच्या वाळक्या काड्या). वावराच्या धुऱ्यावर रचून ठेवलेल्या असतात. शेतकऱ्याला विचारून, पैसे देऊन घ्या, ते त्यांचं सरपण आहे. मनगटाएवढ्या जुड्या करा आणि चाकाच्या दिशेला आडव्या टाका, निदान दोन थर. उभ्या टाकल्या की चाक त्या मागे फेकून देतं. कुटार (भुसा) टाकू नका, ते चिखलात मिसळून आणखी गुळगुळीत होतं. जॅकवर असलेल्या गाडीखाली हातापलीकडे काही घालायचं नाही, डोकं तर नाहीच. जुडी काठीनं सरकवा.

शेवटी ४एल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा लो गिअर. लिव्हर टाकताना गाडी थांबलेली आणि क्लच पूर्ण दाबलेला, ऑटोमॅटिक असेल तर गिअर न्यूट्रलला. दाते जुळले नाहीत तर पहिला टाकून क्लच अगदी किंचित सोडा, पुन्हा दाबा आणि लिव्हर ओढा. निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर, किंवा रिव्हर्स, आणि रेस हळू द्या. पहिल्यात चाकावर इतका जोर येतो की ते लगेच फिरतं. मॅटच्या (पकडीसाठी चाकाखाली टाकायच्या पट्टीच्या) किंवा जुडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही.

एवढं केल्यावर बऱ्याच गाड्या स्वतःच्या ताकदीनं निघतात. नाही निघाली तरी पुढे जो कोणी ओढेल त्याला निम्माही जोर लागणार नाही.

पांदणवाट | १५ जून, सकाळी ८:११

गाळफेरी भाऊ, हेच हवं होतं. मागे-पुढे झुलवून काढायच्या पद्धतीबद्दल काय? पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स.

गाळफेरी | १५ जून, सकाळी ८:३०

चाक निदान एक फूट पुढे-मागे सरकत असेल तरच. प्रत्येक झोल्यात दोन-चार इंच वाढत गेले पाहिजेत. चार झोल्यांत वाढ नाही म्हणजे खड्डा खोल होतोय, थांबा. पोट टेकलेल्या गाडीला झुलवण्यात अर्थ नाही. क्लचचा वास आला तर वीस-तीस मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसतं उभं राहायचं. ऑटोमॅटिकमध्ये डी-आर-डी-आर केलं की गिअरबॉक्सचं तेल तापतं, ते वासानंही कळत नाही.

चौथा_गिअर | १५ जून, सकाळी ९:०५

एका मुद्द्यावर असहमत. "हळू रेस द्या" हे प्रत्येक गाडीला लागू नाही.

ज्या थारमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल आहे, ते आपोआप लॉक होतं, पण कधी? दोन मागच्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की. पाय अगदी हलका ठेवला तर एक चाक हळूहळू फिरत राहतं, फरक तेवढा होतच नाही आणि लॉक लागत नाही. तिथे क्षणभर नेटानं रेस द्यावी लागते. "खट्" झालं, दोन्ही चाकं एकत्र ओढू लागली की पाय कमी करायचा. दोन सेकंदांत खट् झालं नाही तर सोडा.

जिम्नीत असं लॉक नाही. ती फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवते. या पद्धतीला रेस कमी-जास्त केलेली आवडत नाही. एकसारखा पाय ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, कर्रकर्र आवाज येतो आणि गाडी सरकते. आवाज ऐकून घाबरून पाय काढला की सगळं पहिल्यापासून.

फोर्सच्या गुरख्यात पुढे-मागे दोन्ही लॉक हातानं लावायचे. चाक फिरत असताना लावू नका, चिखलात उतरायच्या आधी लावा. पुढचं लॉक लागलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला मागत नाही, हे लक्षात ठेवा.

ज्या गाडीत ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण आहे तिथे ते बंद करा. नाहीतर चाक फिरलं की इंजिनाची ताकदच कापली जाते आणि लोक म्हणतात गाडीत दम नाही.

गाळफेरी | १५ जून, सकाळी ९:२०

लॉकचा मुद्दा मान्य. मी सरसकट लिहायला नको होतं. पण क्रम तोच: आधी पोट मोकळं, मग लॉक. टेकलेल्या गाडीत दोन्ही चाकं लॉक होऊन दोन्ही खड्डे एकदम खोल होतात.

हिंगणा_डिझेल | १५ जून, दुपारी १:४८

एवढं सगळं कायले पाहिजे भाऊ? पांदणीवर अर्ध्या किलोमीटरवर कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर हाये. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा आणा, साखळी बांधा अन् ओढा. पाच मिनिटाचं काम. हे पट्टे-बिट्टे शहरातल्या लोकाइचे चोचले होत.

विंचकर | १५ जून, दुपारी ३:१५

डिझेल भाऊ, ट्रॅक्टरला माझा विरोध नाही, साखळीला आहे. आणि ट्रॅक्टरला साखळी कुठे बांधता यालाही आहे.

ट्रॅक्टर मागे उलटतो तो कसा, ते समजून घ्या. गाडी गच्च बसलेली, मागची चाकं मातीत रुतून फिरायची थांबली, पण इंजिन जोर लावतंच आहे. चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरचं धडच मागच्या ॲक्सलभोवती फिरायला लागतं आणि पुढची चाकं उचलतात. साखळी ॲक्सलच्या वर, टॉप लिंकच्या जागी किंवा सीटमागे बांधलेली असेल तर ओढ स्वतःच ट्रॅक्टरला मागे पाडायला मदत करते. पुढचं उचललं हे कळून क्लच दाबेपर्यंत वेळ गेलेली असते. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या दांड्याला), ॲक्सलच्या खाली. खाली बांधली की पुढचं उचलू लागताच बांधायची जागा आणखी खाली जाते आणि ओढ सैल पडते. बाकी कशाला पर्याय असेल, याला नाही.

दुसरं, साखळीत लवचीकपणा शून्य. ट्रॅक्टरवाला सैल साखळीवर क्लच सोडतो, तो सगळा झटका तुमच्या गाडीच्या हुकावर. बंपरमध्ये स्क्रूनं बसवायची जी कडी गाडीसोबत मिळते ती सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढायला असते, चिखलातून उपटायला नाही. खाली चेसिसला असलेल्या काही कड्या तर गाडी ट्रेलरवर बांधायच्या असतात. मालकाची पुस्तिका काढून कुठली कडी कशासाठी ते घरीच बघून ठेवा. ट्रेलरच्या टो-बॉलला पट्टा अडकवणं हा तर सरळ गुन्हा समजा. बॉल तुटला की तोफगोळा होतो.

आणि जेसीबी आला तर बकेटनं बंपर धरून उचलायला देऊ नका. चेसिस वाकते.

हिंगणा_डिझेल | १५ जून, दुपारी ४:०२

खाली बांधायचं बरोबर बोलले. आमच्याकडे समजदार मानूस खालीच बांधते. पन् साखळी नाई त काय बांधावं मग? दोर त तुटते.

विंचकर | १५ जून, संध्याकाळी ६:३०

सामानावर येतोच होतो. दोन प्रकारचे पट्टे असतात आणि घोळ इथेच होतो.

एक ताणणारा. नायलॉनचा, ओढला की लांब होतो. पट्टा असेल तर साधारण २० टक्के, विणलेला कायनेटिक रोप असेल तर ३० टक्क्यांपर्यंत. ताणून साठलेली ताकद तो हळूहळू परत देतो, म्हणून झटका न बसता गाडी उपटून येते. ९ मीटर लांबी चांगली. तुटण्याची क्षमता दोघांतल्या हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट. भरलेली गाडी २ टनांच्या आसपास असेल तर ५-६ टनांचा घ्या. उगाच १५ टनांचा घेतला तर हलक्या जिम्नीला तो ताणतच नाही, साखळीसारखाच वागतो.

दुसरा न ताणणारा, पॉलिस्टरचा. झाडाला गुंडाळायला, लांबी वाढवायला, विंचसोबत वापरायला. यासाठी महागडं काही नको. नागपूरच्या इतवारी बाजारात क्रेनचे लिफ्टिंग बेल्ट मिळतात, त्यांचे रंग ठरलेले: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. ही रोजच्या कामाची क्षमता आहे, तुटण्याची त्याच्या कितीतरी वर असते. पिवळा, ३ मीटर, दोन्ही टोकांना डोळा. एवढा पुरे. पण हा कधीही झटका द्यायला वापरू नका.

ट्रॅक्टरला ताणणारा पट्टा लावून झटका मारणंही टाळा. ट्रॅक्टरला पॉलिस्टरचा लावा, पट्टा तंग होईपर्यंत इंच-इंच पुढे न्या, मग लो गिअरमध्ये एकसारखी ओढ. त्याच वेळी फसलेल्या गाडीनं ४एलमध्ये चाकं सावकाश फिरवायची. ताणणारा पट्टा गाडी-गाडीत: एक-दीड मीटर झोल ठेवा, ओढणारी गाडी पहिल्यांदा चालण्याच्या वेगानं, मग फार तर ताशी १०-१५. तीन वेळा प्रयत्न करून हलली नाही तर चौथा करू नका, पुन्हा खोदा.

शॅकल (पिन असलेली लोखंडी कडी) ४.७५ टन शिक्का असलेला, दोन. पिन हातानं पूर्ण आवळून पाव फेरा मागे, नाहीतर भार आल्यावर जाम होते. दोन पट्टे जोडताना मध्ये शॅकल घालायचा नाही, पट्टा तुटला की शॅकल काचेतून आत येतो. डोळ्यात डोळा ओवा आणि गाठ आवळू नये म्हणून मध्ये जाड काठी घाला. ताणलेल्या पट्ट्यावर ओलं पोतं टाका. माणसं पट्ट्याच्या दीडपट लांबीबाहेर, आणि रेषेत नाही, बाजूला.

पांदणवाट | १५ जून, रात्री ८:५०

ट्रॅक्टर गाडीच्या जवळ आला तर तोही फसतो की. खाली बरड जमीन साठ फुटांवर आहे, आणि पट्टा नऊ मीटरचा. मग?

विंचकर | १५ जून, रात्री ९:३५

मग ट्रॅक्टरला ओढायला लावूच नका, खुंटा करा. हाच माझ्या मते पांदणीवरचा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि कुणी करत नाही.

ट्रॅक्टर बरडावर उभा करायचा, ब्रेक लावून, चाकांना मोठे दगड देऊन. मागे वखर किंवा नांगर असेल तर तो जमिनीत रुतवून ठेवायचा. त्याच्या ड्रॉबारपासून पॉलिस्टरचे पट्टे जोडत यायचं आणि शेवटच्या टप्प्याला हातविंच. तारेचा दोर आरपार जाणारा, लिव्हरनं ओढायचा जो प्रकार असतो तो. १.६ टनांचा मिळतो, तार साधारण २० मीटर. ओढ एकसारखी, मिलिमीटरच्या हिशोबानं. झटका नाही आणि उलटायलाही काही नाही.

हिशोब सांगतो म्हणजे गाळफेरींनी खोदायला का सांगितलं ते कळेल. ढोबळ नियम असा: चाकं रिमपर्यंत बुडाली तर ओढायला साधारण गाडीच्या वजनाएवढा जोर. मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. म्हणजे २ टनांच्या गाडीला २ ते ४ टन, चढ असला की आणखी. १.६ टनांचा हातविंच एकटा पुरणार नाही. फसलेल्या गाडीला एक उघडणारी कप्पी लावून तार परत खुंट्याकडे आणली की जोर जवळपास दुप्पट, वेग निम्मा. पण वीस मिनिटं खोदून पोट मोकळं केलं तर तोच जोर निम्म्यानं कमी होतो आणि चाकं रिमपर्यंतच असतील तर कप्पीची गरजही राहत नाही.

बांधकामावरची उभी चेन कुप्पी (साखळीनं वजन वर उचलायची) आडवी वापरायला जाऊ नका. हातसाखळी खाचेतून उतरते आणि अडकते.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक विंच आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट हवी. पाटीवरचा आकडा ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराचा असतो, वरच्या थराला जोर कमी होत जातो, म्हणून दोर शक्य तितका बाहेर काढा. तार असेल तर ड्रमवर किमान पाच वेढे राहिले पाहिजेत, सिंथेटिकला आठ-दहा. पूर्ण भारावर ४०० अँपियरच्या वर करंट घेतं, इंजिन चालू ठेवा आणि मिनिटभर ओढून थांबा.

हिंगणा_डिझेल | १५ जून, रात्री १०:०१

खुंट्यावाली गोष्ट पटली ना बाप्पा. ट्रॅक्टरही वाचते अन् गाडीही.

बरड_मुरूम | १५ जून, रात्री १०:२०

ट्रॅक्टरही नाही, झाडही नाही, तर स्टेपनी पुरा. ओढीच्या दिशेला काटकोनात तीन फूट खोल चर, स्टेपनी उभी करून गाडीकडच्या भिंतीला टेकवायची. मधल्या भोकातून पट्टा, मागे आडवी सब्बल. पट्ट्यासाठी गाडीच्या दिशेला उतरती चिरी पाडायची, म्हणजे ओढ स्टेपनीला वर उचलणार नाही. वर माती भरून तुडवा. ओल्या काळ्या मातीत हे धरत नाही, बरडावर किंवा कोरड्या धुऱ्याशी करा.

झाडाला बांधताना अगदी बुडाशी, रुंद पट्ट्यानं. मांडीएवढी बाभूळ किंवा कडुनिंब चालेल. पळसाचं कोवळं झाड नको. तार थेट सालीवर कधीच नाही.

रेतीघाट | १६ जून, सकाळी ६:५५

कन्हानच्या रेतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. रेतीत चिखलाचे बरेच नियम उलटतात. १५-१६ पीएसआयपर्यंत हवा कमी करायची, ८० टक्के गाड्यांचं काम तिथेच होतं... बरं, ८० म्हणजे मोजलेला आकडा नाही, बहुतेक म्हणते मी. ब्रेक मारून थांबू नका, चाकांपुढे रेतीचा ढीग तयार होतो. पाय उचला, आपोआप थांबू द्या. हातांनी चाकांमागची रेती काढा आणि त्याच चाकोरीतून रिव्हर्स. ताणणारा पट्टा इथे छान काम करतो, कारण रेती चोखून धरत नाही.

पाण्याच्या कडेची ओली रेती मात्र फसवी. वर उभं राहून टाचेनं थापटा. थलथल हलली आणि पाणी वर आलं तर गाडी नेऊ नका. तिथे उभी राहिलेली गाडी तासाभरात स्वतःहून खाली बसते.

धानपट्टा | १६ जून, सकाळी ८:४०

रेतीघाट ताईंच्या पुढे आमच्या रामटेक-मौद्याकडचं. रोवणीच्या बांधीत गाडी नेण्याचं कारण नाहीच, पण बांधीलगतच्या वाटेवरून घसरून आत जाते. चिखलणी केलेल्या बांधीत वर वीतभर लगदा आणि खाली वर्षानुवर्षं दाबला गेलेला टणक थर असतो. तो थर फोडू नका. जास्त रेस दिली की चाक तो फोडून खाली जातं आणि मग खरंच तळ नाही. हवा कमी करा, दुसरा गिअर, एकसारखा पाय. बांधाचा कोपरा फुटला तर पाणी वाहून जातं, तो तिथल्या तिथे बांधून द्या आणि मालकाशी बोला.

चौथा_गिअर | १६ जून, सकाळी ९:१५

जाता जाता: उमरेड-कऱ्हांडला, बोर, पेंचच्या हद्दीत आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. तिथे फसलात तर पट्ट्याआधी वनरक्षक येतो.

आणि पाऊस थांबून एक दिवस ऊन पडलं म्हणून फसू नका. काळ्या मातीवर कोरडा पापुद्रा येतो, खाली लोणी असतं. वावरात वाफसा आला का ते शेतकऱ्याला विचारा. तो वखर बाहेर काढत नसेल तर तुम्हीही गाडी काढू नका.

पांदणवाट | १६ जून, रात्री ९:००

बाहेर काढल्यावर काय तपासायचं? आणि मॅटला स्वस्त पर्याय?

गाळफेरी | १६ जून, रात्री ९:४५

मॅटला पर्याय: जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे, चार फूट बाय एक फूट, १०-१२ मिमी जाड. सावनेर, उमरेड, कामठीच्या कोळसा पट्ट्यातल्या भंगारवाल्यांकडे विचारा. वरच्या बाजूला आडवे लोखंडी पट्टीचे तुकडे नट-बोल्टनं मारा, बोल्टचं डोकं टायरकडे आणि गोल. एका टोकाला भोक पाडून भडक रंगाची दोरी बांधा, नाहीतर मॅट चिखलात गेला की सापडत नाही. कुंपणाची जाळी वापरू नका, ती चाकाभोवती गुंडाळून ब्रेकची नळी उपटते.

बाहेर आल्यावर रिमच्या आतला चिखल आधी काढा. सुकला की ६०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत बसतात. रेडिएटरची जाळी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्यानं. प्रेशर वॉशर जवळ धरला की पात्या वाकतात. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले का बघा, एक चीर आणि महिन्याभरात जॉइंट आवाज करायला लागतो. गाडी ॲक्सलच्या वर पाण्यात उभी होती तर डिफरन्शिअलचं तेल तपासा. चहासारखं दुधट दिसलं की लगेच बदला. आणि धुणं त्याच दिवशी. काळी माती चेसिसवर सुकली की विटेसारखी होते.

पांदणवाट | १६ जून, रात्री १०:०५

शेवटचं. हवा परत भरायला लायटर सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर पुरतो का?

विंचकर | १६ जून, रात्री १०:३०

जिम्नीच्या १९५ रुंदीच्या टायरला पुरतो, वेळ लागतो एवढंच. थारच्या २५५ला १८ वरून ३२ करताना लहान कॉम्प्रेसर तापतो आणि सॉकेटचा फ्यूज उडतो, तो बहुधा १५ अँपियरचाच असतो. बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. इंजिन चालू ठेवा, दोन टायरनंतर दहा मिनिटं थंड होऊ द्या. आणि हवेच्या नळीची लांबी विकत घेण्याआधी मोजून बघा, बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे.